पाचाचा पुडा आणि दोनदा कापलेला पीएफ

काका, नमस्कार.

मी मूळची केज तालुक्यातली. बारा वर्षं झाली, आम्ही रांजणगाव शेणपुंजीत राहतो. राहत्या खोलीच्या पुढच्या बाजूला शटर लावून मी छोटं किराणा दुकान चालवते. आमचे मालक (घरातले, कंपनीतले नव्हे) वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहेत. नऊ वर्षांपासून, ठेक्यावर. नऊ वर्षांत तीन ठेकेदार झाले. मशीन तेच, सुपरवायझर तोच, ह्यांचा गेटपास तेवढा नवा. मधे मधे पंधरा-वीस दिवस घरी बसवतात, त्याला 'ब्रेक' म्हणतात.

दिवाळीत कायम कामगारांचा करार झाला. ठेक्याच्या पोरांना सोनपापडीचा डबा दिला. त्याच आठवड्यात कंपनीचा नफा वाढल्याची बातमी पेपरात होती. मी त्याच कागदात एका गिऱ्हाइकाला पावशेर शेंगदाणे बांधत होते, म्हणून दिसली.

ह्यांच्या पगाराच्या पावतीवर पीएफ दोन ओळींत कापलेला आहे, 1,560 आणि खाली परत 1,560. विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "एक तुमचा, एक कंपनीचा. दोन्ही तुमच्याच खात्यात जातेत की." महिन्याला चाळीस-चाळीस तास ओटी (ओव्हरटाइम) होते, तिचे तासाला साडेबासष्ट रुपये मिळतात. बोनस कधी बघितला नाही.

इकडं दुकानात वेगळाच ताप. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दरवर्षी हलका होतोय. पोरं म्हणतात, "ताई, ह्यात तर हवाच हाय." एक आजी तर मला म्हणाल्या, "तू मधून काढून घेतीस का काय?" मी जुनं वेष्टन शोधून काढलं, त्यावर 60 ग्रॅम होतं. मागच्या वर्षीच्यावर 45. गावाकडं सासऱ्यांनी सोयाबीन 4,100 नं घातली आणि इथं मी तेलाची पिशवी वाढीव भावानं विकते, ते दुःख निराळंच.

मी बोलायला लागले की मोठे भाऊजी म्हणतात, "कंपनी आहे म्हणून चूल पेटते. जास्त शहाणपणा केला तर एमआयडीसीत कुठंच गेटवर उभं करणार नाहीत." हे तर काहीच बोलत नाहीत. मी ह्यांच्या मागं लागू का गप बसू? का माझंच काही चुकतंय?

— सौ. क., रांजणगाव शेणपुंजी

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. तुमचं काही चुकत नाही. भाऊजींचंही सगळंच चुकतंय असं म्हणवत नाही. कारखाना बंद पडला की कामगाराच्या घरात काय होतं ते मी चिकलठाण्यात जवळून बघितलंय. पण चूल कंपनीमुळं पेटते हे मान्य केलं, तरी पावतीवर पीएफ दोनदा का कापला हे विचारायला त्यानं बंदी होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकीत एक गुंतवून ठेवण्यात बऱ्याच जणांची सोय असते.

मी हे बाहेरून बघून बोलत नाही. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी टाइम ऑफिसात होतो. हजेरीची कार्डं, मस्टर, ठेकेदारांची बिलं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. तुमच्या पत्रातला 'ब्रेक' मी माझ्या हातानं लिहिलेला आहे. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कायद्यात माणसाचं नातं पक्कं व्हायला लागतं. त्याला काढायचं तर नोटीस, भरपाई अशा गोष्टी येतात. म्हणून 230 ओलांडले की कार्ड वेगळ्या खणात टाकायचं, हा आमचा शिरस्ता. एका पोराचं कार्ड 232 वर काढलं होतं. लोहारकाम शिकून आलेला, वेल्डिंग सुरेख करायचा. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "साहेब, आठच दिवस राहिले होते." त्यानं स्वतः मोजून ठेवले होते. मी म्हणालो, "वरून आलंय." वरून म्हणजे कुठून, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नसतं. माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या हक्कापासून लांब ठेवणं ही कायद्यानं 'अनुचित कामगार प्रथा' आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. असो.

आता तुमच्या 1,560 वर येऊ, कारण या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट ती आहे.

पीएफमध्ये कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल तर दोघांचे 1,560-1,560. मालकाचा वाटा मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा. तो कामगाराच्या पगारातून कापणं हा गुन्हा आहे. थेट कापला काय, फिरवून कापला काय, सारखंच. "दोन्ही तुमच्याच खात्यात जातेत" हे त्या माणसाचं बोलणं खरं असेलही. तीच तर मेख आहे. जावईबापूंच्या, म्हणजे तुमच्या ह्यांच्या, मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून बघा. त्यात तीन आकडे दिसतील: कर्मचाऱ्याचे 1,560, मालकाचे 477 आणि पेन्शनचे 1,083. शेवटचे दोन मिळून मालकाचे 1,560. पासबुक एकदम स्वच्छ दिसणार. दिल्लीच्या अधिकाऱ्यानं तपासलं तरी त्यात काही सापडणार नाही, कारण पैसे भरले गेलेत. ते कुणाच्या खिशातून गेले हे फक्त पगाराच्या पावतीवर लिहिलेलं असतं. म्हणून मी तुम्हाला पहिलं काम सांगतो ते हे, की ती पावती फेकू नका, चुलीत घालू नका, शेंगदाण्याला वापरू नका. बरेच ठेकेदार अशी दुसरी ओळ छापतच नाहीत, एकूण पगारच कमी दाखवतात. तुमच्या ठेकेदारानं ती कागदावर उतरवून दिली, म्हणजे त्यानं तुमच्यावर उपकारच केलेत.

त्या ठेकेदारावर तुमचा राग असणार. असावा. पण मी ज्या टेबलाशी बसायचो तिथून तो कसा दिसायचा तेही ऐका.

समजा महिन्याचं ठेक्याचं बिल 20 लाखांचं आहे. कंपनी निविदा मागवते आणि सगळ्यांत कमी 'सर्व्हिस चार्ज' लावणाऱ्याला काम देते. मी दीड टक्क्यानं घेतलेली कामं बघितली आहेत. दीड टक्का म्हणजे 30 हजार. पगार सात तारखेच्या आत वाटायचा, पण कंपनीकडून बिलाचे पैसे येणार पंचेचाळीस दिवसांनी. तोवर हे 20 लाख ठेकेदारानं कुठून तरी फिरवायचे. महिना शेकडा दोनानं आणले तर दीड महिन्याचं व्याज होतं 60 हजार. तीस हजार कमवायला साठ हजार घालणारा माणूस ठेका कशाला घेईल? तो दुसरीकडून काढणार हे ठरलेलंच. मालकाच्या वाट्याचा पीएफ कामगारावर टाकणार, ओटी सिंगल देणार, बोनस विसरणार. हे गणित करायला मला दहावीसुद्धा पुरली. खरेदी विभागात बसलेली माणसं माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली होती. त्यांना ते येत नव्हतं असं मी मानत नाही. बिलाला पीएफचं चलन जोडलेलं असलं की त्यांचं काम भागायचं. चलन खरं, भरणा खरा, शिक्का खरा. मधला माणूस बदनाम, आणि वरच्या मजल्यावर वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदावर हसरे कामगार.

तुम्ही ओटीचं लिहिलंय. 13,000 ला 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं की तासाला साडेबासष्ट येतात, म्हणजे तुम्हाला मिळते ती सिंगल ओटी. कायदा दुपटीचा आहे, 125 रुपयांचा. चाळीस तासांना महिन्याला 2,500 रुपये कमी. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत आणि तिमाहीतली ओटीची मर्यादा 115 वरून 144 तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. जास्तीचं काम जास्तीच्या पैशासाठी करायला कामगार तयारच असतो, त्याला घराचे हप्ते असतात. पण जिथं दुप्पट मिळतच नाही तिथं वाढीव तासांचा फायदा एकाच बाजूला जातो. बोनसचं थोडक्यात सांगतो: कमीत कमी 8.33 टक्के, ठेक्यावरच्यालाही, वर्षात 30 दिवस काम केलेलं असलं की पुरे. हिशोबाला नुसते महिन्याचे 7,000 धरले तरी वर्षाचे सात हजारांच्या आसपास होतात. सोनपापडी त्यात धरत नाहीत.

दुसरा 1,560, ओटीतले 2,500 आणि बोनसचे महिन्याला पडतात ते 583. बेरीज 4,643. तुमच्या एका घरातून. प्रेस शॉप, पेंट शॉप, असेंब्ली मिळून असे दोनशे जण असतील तर महिन्याला नऊ लाखांच्या वर. कंपनीचा सगळा नफा इथूनच येतो असं मी म्हणणार नाही. नफा यंत्रातून येतो, चांगल्या मालातून येतो, वेळेवर माल पोचवण्यातून येतो. नफा कमवणं हे काही पाप नाही, तुम्हीही दुकान नफ्यासाठीच उघडता. पण त्यातला एक भाग हा असा, पावतीच्या दुसऱ्या ओळीतून आलेला असतो, आणि तो पेपरातल्या बातमीत वेगळा दाखवत नाहीत.

भाऊजींना सांगायला एक आकडा देतो, कारण 'कंपनी मोठी झाली की सगळ्यांचंच भलं होतं' हे ते कधीतरी म्हणणारच. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना तर 15. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, असं तेव्हा सांगितलं होतं. पुढं सरकारच्याच 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालात काय छापून आलं? 2023-24 मध्ये कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतला सगळ्यांत वरचा, वाढ 22.3 टक्के. त्याच वर्षी त्यांच्याकडच्या नोकऱ्यांतली वाढ 1.5 टक्के. हे कुठल्या लाल बावट्याच्या पत्रकातलं नाही, अर्थ मंत्रालयाच्या अहवालातलं आहे. आणि देशातल्या कारखान्यांत आज दर शंभर कामगारांत चाळीसहून जास्त ठेक्यावरचे आहेत. तेव्हा जावईबापू कुणी कमनशिबी एकटेच नव्हेत.

आता दुकान.

तुम्ही वेष्टनं जपून ठेवलीत याचं मला फार कौतुक वाटलं. पाच रुपयांना 60 ग्रॅमच्या जागी 45 ग्रॅम. ऐकताना वाटतं, पावभाग गेला. पण भावाच्या बाजूनं मोजा. शंभर ग्रॅमला आधी सव्वाआठच्या वर पडत होते, आता अकराच्या वर पडतात. म्हणजे भाव तिसऱ्या हिश्शानं वाढला आणि पाटी मात्र पाचाचीच राहिली. पाचाचा पुडा सहाला केला असता तर रांजणगावच्या प्रत्येक पोरानं आरडाओरडा केला असता. पंधरा ग्रॅमसाठी कुणी भांडत नाही. भांडलंच तर तुमच्याशी भांडतं.

इथं मला तुमच्या घरातली दोन्ही दुखणी एकाच जागची वाटतात. गेटवर जावईबापूंसमोर ठेकेदार उभा, काउंटरवर गिऱ्हाइकासमोर तुम्ही उभ्या. भाव तुम्ही ठरवला नाही, वजन तुम्ही ठरवलं नाही. त्या पुड्यामागं तुम्हाला सुटणार चाळीस-पन्नास पैसे. पण आजीबाईंना दिसतो तो तुमचाच चेहरा. कंपनीच्या माणसाला त्या कुठं शोधणार? शिव्या खायला मधे एक माणूस उभा केला की मागचा निवांत असतो. फरक एवढाच, की ठेकेदार खातो आणि तुम्ही खात नाही.

पूर्वी बिस्किट, चहा, साबण, तेल अशा वस्तू ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. ती यादी 2022 मध्ये रद्द झाली. तेव्हापासून कोणत्याही वजनाचा पुडा चालतो. तेलाच्या पिशव्या बघा ना, एक लिटर म्हणजे 910 ग्रॅम हे आपल्या अंगवळणी पडलेलं. आता शेजारी 850 ची, 800 ची पिशवी ठेवलेली असते, आकार तोच, आणि गिऱ्हाईक 'एक किलोची द्या' म्हणत तीच घेऊन जातं. बदल्यात कायद्यानं एक गोष्ट दिली: एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा भाव छापायचा. 45 ग्रॅमच्या पुड्यावर तो 0.11 रुपये असणार, जुना हिशोब 0.08 चा. मला वाचायला भिंग लागतं ते सोडा.

आणखी एक तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किट, साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. पाचाचा पुडा पाचालाच ठेवायचा तर कराची बचत वजनात यायला हवी. मी कागदावर मांडून बघितलं: 45 ग्रॅमचा पुडा साडेपन्नास ग्रॅमच्या आसपास जायला पाहिजे. तुमच्या नव्या खोक्यात काय छापलंय ते बघा. पन्नास असेल तर ठीक, कंपनीनं दिलं म्हणायचं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल तर उरलेलं मधेच कुठंतरी राहिलं. याची दाद मागायला एक कलम होतं. 2018 च्या डिसेंबरात त्याच कलमाखाली साबण-शाम्पूच्या एका बड्या कंपनीवर 383 कोटींचा ठपका आला होता, करकपात गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही म्हणून. पण त्या कलमाखाली नव्या तक्रारी घेणं 1 एप्रिल 2025 पासून बंद झालंय. मोठी करकपात आली ती त्यानंतर पावणेसहा महिन्यांनी. कुत्र्याचे दात काढून मग वाडा उघडा टाकला, असं आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणाली असती.

तेव्हा वजन कमी केल्याची तक्रार करून फार काही हाती लागेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. छापलंय तेवढं आत असेल तर तो गुन्हा नाही. छापल्यापेक्षा कमी भरलं तर मात्र वैधमापन शास्त्र विभागाकडे जाता येतं, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच. तुमच्या तराजूवर दहा पुडे एकदम ठेवून बघा, वेष्टनाचं वजन वजा करा. आणि ती दोन वेष्टनं, 60 चं आणि 45 चं, शेजारी शेजारी चिकटपट्टीनं काउंटरला लावा. काही बोलायची गरज नाही. आजीबाई नातवाकडून वाचून घेतील. शहरातल्या छोट्या बेकरीचे टोस्ट, खारी सुटं वजनावर ठेवता येत असेल तर तेही ठेवा. त्यात तुम्हाला सुटतंही जास्त.

सासऱ्यांच्या सोयाबीनवर एका परिच्छेदात बोलणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. 2025-26 चा हमीभाव 5,328, त्यांच्या हातात 4,100, क्विंटलमागं 1,228 कमी. पुढच्या पत्रात सविस्तर लिहा, किती क्विंटल, कुठल्या बाजारात, खरेदी केंद्रावर नोंदणी केली होती का. मग बोलू.

आता जावईबापूंच्या मागं लागायचं की नाही. नका लागू. टोमणे तर मुळीच मारू नका. रोज सकाळी त्या गेटातून आत जाणारा माणूस तो आहे, तुम्ही किंवा मी नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला कळत नसतं असं नाही. टाइम ऑफिसच्या खिडकीतून मी हजारो गप्प माणसं बघितली, त्यांतल्या बहुतेकांना आपले किती दिवस भरले ते माझ्याआधी माहीत असायचं. शटर ओढल्यावर एखाद्या रात्री पावती आणि पासबुक शेजारी ठेवून दोघं बसा. मी वर मांडलेला हिशोब त्यांच्या आकड्यांनी पुन्हा करा, कारण माझे आकडे तुमच्या पत्रातले आहेत. हिशोब त्यांच्या हातून झाला तर पुढचं पाऊल कुठलं हे तेच सांगतील.

भाऊजींची भीती खोटी नाही. एकट्यानं नाव घालून अर्ज केला तर दुसऱ्या दिवशी गेटवर हजेरीचं पंच लागत नाही, हे मी घडताना पाहिलंय. म्हणून एकट्यानं करू नका. त्याच ठेकेदाराचे, त्याच शॉपचे दहा-बारा जण होईपर्यंत थांबा. दोन ओळींची पावती सगळ्यांकडे असणारच. मग आधी ठेकेदाराकडं नको, मूळ कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज द्या, फक्त पीएफपुरता, चार ओळींचा, पोच घेऊन. 'नफ्यात वाटा द्या' असलं काही त्यात घालू नका. का, ते सांगतो. ठेकेदारानं बुडवलं तर मूळ मालक जबाबदार, हे जुन्या ठेका कामगार कायद्यात होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या त्यांतही आहे. दुप्पट ओटी आणि किमान बोनसही नव्यात तसेच आहेत. शिवाय गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर अशा सुटे भाग करणाऱ्यांकडे येऊन पगाराची रजिस्टरं चाळतात. लेखी पोच घेतलेला अर्ज फायलीत असणं एचआरला परवडत नाही. माझ्या काळात असे दोन अर्ज आले होते. दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात ती दुसरी ओळ गुपचूप नाहीशी झाली, मागचे पैसे मात्र कुणी स्वतःहून दिले नाहीत. त्यासाठी पीएफ कार्यालयात तक्रार करावी लागते, ऑनलाइनही होते, आणि चौकशी आस्थापनेची होते.

कायम होण्याची लढाई वेगळी आणि लांबची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं ऑगस्ट 2001 मध्ये सांगितलंय की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. पण ठेका नुसता दाखवण्यापुरता असेल, काम कंपनी घेते, रजा कंपनीचा सुपरवायझर देतो, ठेकेदार बदलला तरी माणूस तिथंच राहतो, असं सिद्ध झालं तर गोष्ट बदलते. तुमच्या पत्राच्या पहिल्याच परिच्छेदातली ओळ, मशीन तेच, सुपरवायझर तोच, ती वकिलाला दाखवण्यासारखी आहे. वकिलाच्या फीची काळजी नको: औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. ही गोष्ट वाळूजमध्ये शंभरातल्या पाचांनाही ठाऊक नसेल, तेव्हा शेजारीपाजारी सांगा.

आणि एक कळकळीचं. पुढच्या वेळी ठेकेदार बदलेल तेव्हा 'फुल अँड फायनल'च्या कागदावर सही मागतील. 'सगळे पैसे मिळाले, काही येणं नाही' असं त्यात बारीक लिहिलेलं असतं, कधी कागद कोराच असतो. ती सही घाईत करू नका. करावीच लागली तर तारीख घाला, मिळालेली रक्कम अक्षरात लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रागात राजीनामाही नको.

सोनपापडीचा तो डबा पत्र्याचा होता का? असेल तर पावत्या त्यात ठेवा, उंदरांपासून वाचतात. पहिल्या ठेकेदाराचा गेटपास कुठं सापडतो का बघा, शर्टाच्या जुन्या खिशांतसुद्धा. पासबुकाच्या ॲपमध्ये एका यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) तीन वेगळे मेंबर आयडी दिसतील, त्यांच्या चालू-बंदच्या तारखा एका वहीत उतरवून घ्या. आणि नव्या पुड्यावर किती ग्रॅम छापलेत, ते मला कळवा.